बॅकअप क्वार्टरबॅक : बाकावरची कारकीर्द घडते कशी, मोडते कशी

रेषेबाहेर

एनएफएलबद्दल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) मराठीत जे काही लिहिलं जातं ते बहुतेक स्टार्टर क्वार्टरबॅकांभोवती फिरतं, म्हणजे सुरुवातीपासून खेळणाऱ्या आणि चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूंभोवती. हा धागा दुसऱ्या क्रमांकाच्या माणसासाठी.

संघात ५३ खेळाडू, त्यात क्वार्टरबॅक दोन, फार तर तीन. इतर जागांवरचे राखीव खेळाडू प्रत्येक सामन्यात थोडेफार तरी उतरतात. राखीव लाइनबॅकर (बचावातला मधल्या फळीचा खेळाडू) किकऑफला धावतो, चौथा रिसीव्हर (फेकलेला चेंडू पकडणारा) तिसऱ्या डाऊनला येतो; दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न असतात, त्यातला प्रत्येक म्हणजे एक डाऊन. बॅकअप क्वार्टरबॅक मात्र १७ सामन्यांचा हंगाम एकही स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारी खेळी) न खेळता संपवू शकतो, आणि तरीही त्याला बहुतेक वेळा त्या लाइनबॅकरपेक्षा जास्त पैसे मिळतात.

चेस डॅनियल घ्या. २००९ साली मिझुरी विद्यापीठातून आला तेव्हा ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंची वार्षिक निवड) त्याला कुणी घेतलं नाही. सेंट्स, चीफ्स, ईगल्स, बेअर्स, लायन्स, चार्जर्स असं करत तो २०२२ च्या हंगामापर्यंत टिकला. एवढ्या काळात सुरुवातीपासून खेळलेले सामने पाच. दोन जिंकले, तीन हरले. कमाई चार कोटी डॉलरच्या पुढे. नशीब चांगलं म्हणून लोक हा विषय झटकून टाकतात, ते मला पटत नाही. इतके वेगवेगळे प्रशिक्षक इतकी वर्षं पैसे मोजत होते, ते कशासाठी? आठवड्याचं काम, करार, नियम, मैदानात उतरल्यावर काय बिघडतं, ज्याला जे नीट माहीत आहे त्याने ते लिहावं. 'अमुक ग्रेट की तमुक' असा वाद इथे नको.

चौथा डाऊन

आठवड्यापासून सुरू करतो, कारण सगळं तिथेच ठरतं.

रविवारी सामना असेल तर साधारण वेळापत्रक असं: सोमवारी झालेल्या सामन्याची फिल्म. मंगळवारी खेळाडूंना सुट्टी, पण क्वार्टरबॅक बहुतेक ठिकाणी येतातच, कारण प्रशिक्षक त्या दिवशी गेमप्लॅन बांधत असतात. बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाऊनचे प्ले (आखलेल्या खेळी), गुरुवारी तिसरा डाऊन, शुक्रवारी रेड झोन (शेवटचे वीस यार्ड) आणि गोललाइन. शनिवारी हलकी उजळणी. संघागणिक थोडा फरक पडतो, पण सांगाडा हाच.

पहिल्या फळीबरोबरचे जवळजवळ सगळे स्नॅप स्टार्टर घेतो. पेटन मॅनिंग तर सरावातला स्नॅप कुणाला सोडायलाच तयार नसे. मग बॅकअप काय करतो? तो स्काउट टीम चालवतो, म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याचं आक्रमण आपल्याच बचावफळीसमोर उभं करतो. सहायक प्रशिक्षक हातात एक कार्ड धरतो, त्यावर प्रतिस्पर्ध्याचा प्ले काढलेला असतो, चेंडू कुणाकडे जायचा तिथे खूण असते. रिसीव्हर झाकला गेला असला तरी चेंडू तिकडेच टाकायचा, कारण कॉर्नरबॅकला (रिसीव्हरला झाकणारा बचावपटू) तो रूट (रिसीव्हरची धावण्याची वाट) बघायचा असतो.

अडचण इथेच आहे. आठवड्यात त्याचा हात जे प्रत्यक्ष फेकतो ते प्ले त्याच्या संघाचे नसतात, आणि रविवारी जे फेकावे लागतील ते त्याने कदाचित एकदाही फेकलेले नसतात. त्यातून कार्डावर खेळताना एक वाईट सवय लागते: बचाव वाचायच्या आधीच चेंडू कुठे जाणार हे माहीत असतं. चार महिने असं खेळल्यावर डोळे आळसावतात.

चांगले बॅकअप ह्यावर उपाय करतात. स्टार्टर सराव करत असताना ते त्याच्या दहाबारा यार्ड मागे उभे राहतात. प्लेचं पूर्ण नाव पुटपुटायचं, मधला लाइनबॅकर कोण ते ठरवायचं, संरक्षण कुठे सरकवायचं ते ठरवायचं, आणि चेंडूशिवाय पायांची सगळी हालचाल करायची. तीन पावलं, पाच पावलं, पहिला पर्याय, दुसरा, मग पाठीमागून सुटलेला रनिंग बॅक (एरवी चेंडू घेऊन धावणारा). सराव संपला की राखीव रिसीव्हरांना थांबवून त्या आठवड्यातले दहाबारा मुख्य रूट खरोखर फेकायचे. हे शेवटचं जो टाळतो तो रविवारी उघडा पडतो.

नियमित हंगामात पूर्ण पॅड घालून फक्त १४ सराव करता येतात, तेही लीग आणि खेळाडू संघटना यांच्या करारानेच बांधलेलं. त्यामुळे खरी गर्दी, खरा धक्का बॅकअपला सप्टेंबरनंतर जवळजवळ दिसतच नाही.

सुहास_पुणे

'प्लेचं पूर्ण नाव पुटपुटायचं' म्हणजे काय? एवढं लांब असतं का ते?

चौथा डाऊन

@सुहास_पुणे, हो. एक प्रसिद्ध तुकडा सांगतो: 'स्पायडर टू वाय बनाना'. 'स्पायडर टू' हे लाइनचं संरक्षण, 'वाय' म्हणजे टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून चेंडूही पकडणारा), 'बनाना' हा त्याचा वाकडा रूट. आणि हा लहान तुकडा झाला. त्याच्या आधी रचना, कुणी कुठे सरकायचं, आणि शेवटी स्नॅप कितव्या हाकेवर, हे सगळं जोडलं की पंधरा शब्द सहज होतात. कधी कधी एकाच हडलमध्ये (खेळीआधीच्या घोळक्यात) दोन प्ले सांगायचे असतात, दुसरा बचावाची रचना बघून बदलण्यासाठी.

आता वेळ बघा. प्ले क्लॉक, म्हणजे पुढची खेळी सुरू करायची मुदत, ४० सेकंदांचा. प्रशिक्षकाचा रेडिओ घड्याळ १५ वर आलं की बंद होतो. म्हणजे हेल्मेटमधला आवाज जास्तीत जास्त २५ सेकंद, आणि त्यातले पहिले काही प्रशिक्षकाचा निर्णय होण्यातच जातात. ऐकलेलं एका दमात दहा जणांना सांगायचं, न अडखळता. लाइनवर पोचेपर्यंत १२–१३ सेकंद उरले तर ठीक. सात-आठ उरले तर बचाव वाचायला वेळच नाही. नवख्या बॅकअपची पहिली चूक बहुतेक वेळा हातातून होत नाही, तोंडातून होते.

मृण्मयी

चौथा डाऊन यांनी आठवडा सांगितला, मी उतरल्यानंतरचं सांगते. मधेच उतरलेल्या बॅकअपच्या पहिल्या दोन ड्राइव्ह (चेंडू हाती असतानाच्या सलग चढाया) बघितल्यात तर चार गोष्टी हटकून बिघडताना दिसतात.

स्नॅप. बॅकअपने आठवडाभर दुसऱ्या फळीच्या सेंटरकडून (लाइनच्या मधोमध उभा, चेंडू मागे देणारा) चेंडू घेतलेला असतो. पहिल्या सेंटरचा चेंडू वेगळ्या उंचीवर, वेगळ्या वेगाने येतो. शॉटगनमध्ये, म्हणजे काही यार्ड मागे उभं राहून स्नॅप घेताना, तो अर्धा फूट बाजूला गेला तरी नजर बचावावरून खाली चेंडूवर येते, आणि ती वर जाईपर्यंत सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) जागा बदलून मोकळा झालेला असतो. म्हणून शहाणा बॅकअप सामन्याआधीच्या वॉर्मअपमध्ये पहिल्या सेंटरकडून निदान काही स्नॅप घेऊन ठेवतो.

हाक. प्रत्येकाच्या 'हट'चा ताल निराळा. लाइनमन त्या तालावर उठतात. नव्या तालावर टॅकल (लाइनच्या कडेचा लाइनमन) आधीच हलला की पाच यार्डांचा दंड, आणि पहिल्या डाऊनला दहाऐवजी पंधरा यार्ड उरले की कोऑर्डिनेटरची (आक्रमण आखणाऱ्या प्रशिक्षकाची) अर्धी चिठ्ठी बाद.

चेंडूचा वेग आणि वेळ. स्टार्टर ज्या रिसीव्हरला वळायच्या आधी चेंडू सोडतो, त्याला बॅकअप वळलेला बघून सोडतो. फरक अर्ध्या सेकंदाचाही नसतो, पण तेवढ्यात कॉर्नरबॅक मधे येतो. बाहेरच्या बाजूचे लांब आऊट रूट म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. मधले छोटे क्रॉसिंग रूट आणि स्क्रीन हे त्या मानाने सुरक्षित.

चौथी गोष्ट ब्लिट्झ. बचावाचा कोऑर्डिनेटर बॅकअपला बघून पहिल्याच तिसऱ्या डाऊनला जास्तीचा माणूस सोडतो. संरक्षण कुणी बदलायचं, सेंटरने की क्वार्टरबॅकने, ह्यात जरा गोंधळ झाला की एक माणूस मोकळा येतो. म्हणून जिथे अनुभवी सेंटर आहे तिथे ही जबाबदारी सरळ त्याच्यावर टाकतात आणि बॅकअपचं ओझं हलकं करतात.

ह्याशिवाय हात गार पडलेला असतो. डिसेंबरमध्ये ग्रीन बे किंवा बफेलोत दोन तास उभा असलेला माणूस, आणि स्टार्टर मैदानावर पडला की त्याच्याकडे टीव्हीच्या जाहिरातीएवढा वेळ. दोन-तीन मिनिटांत बाकामागे दहाबारा चेंडू फेकून आत जायचं.

आणखी एक गोष्ट फार कमी लिहिली जाते. स्टार्टर डावखुरा आणि बॅकअप उजवा, किंवा उलट, असेल तर खिशाबाहेर (लाइनमननी राखलेल्या जागेबाहेर) पळण्याचे सगळे प्ले आरशात बघितल्यासारखे उलटतात आणि पाठीमागून येणाऱ्या धोक्याचा टॅकल बदलतो. अटलांटाने २०२४ च्या डिसेंबरमध्ये कर्क कझिन्सच्या जागी डावखुऱ्या मायकेल पेनिक्स ज्युनियरला उतरवलं तेव्हा हा बदल करायला त्यांच्याकडे निदान सरावाचे काही दिवस होते. सामन्याच्या मध्यावर तो करणं म्हणजे चिठ्ठीतले कितीतरी प्ले खोडणं.

डेन्व्हरकर

नियमांचा भाग मी लिहितो, त्याचा बॅकअपच्या पोटापाण्याशी थेट संबंध आहे.

१९९१ ते २०१० पर्यंत सामन्याच्या दिवशी ४५ खेळाडू आणि वर एक आपत्कालीन तिसरा क्वार्टरबॅक अशी व्यवस्था होती. चौथ्या क्वार्टरच्या आधी तो उतरला तर पहिले दोघे त्या सामन्यात परत येऊ शकत नसत. २०११ पासून सरसकट ४६ झाले आणि तिसऱ्याची खास जागा गेली. संघांनी ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकली, आणि तिसऱ्या क्वार्टरबॅकच्या नोकऱ्या कमी झाल्या.

मग २९ जानेवारी २०२३. एनएफसीचा (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामना, फोर्टीनाइनर्स विरुद्ध ईगल्स. फोर्टीनाइनर्सचा ट्रे लान्स दुसऱ्याच आठवड्यात घोट्याने गेलेला, जिमी गॅरोपोलो डिसेंबरमध्ये पायाने गेलेला. खेळत होता २०२२ च्या ड्राफ्टमधला सगळ्यात शेवटचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी. पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याच्या कोपराचा अस्थिबंध गेला. आत आला जॉश जॉन्सन. १४ संघांचा गणवेश घातलेला माणूस, डिसेंबरमध्येच डेन्व्हरच्या प्रॅक्टिस स्क्वाडवरून (५३ बाहेरचे सरावाचे खेळाडू) उचललेला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याला डोक्याला मार लागला. आता कुणी उरलंच नाही, म्हणून पर्डी परत आला, पण त्याला काही यार्डांपलीकडे चेंडू टाकताच येत नव्हता. ईगल्स ३१–७ ने जिंकले.

त्या उन्हाळ्यात नियम परत आला, जरा बदलून. तिसरा क्वार्टरबॅक ५३ मध्येच असला पाहिजे, सामन्याच्या यादीत तो निष्क्रिय दाखवायचा, आणि पहिले दोघे जखमी झाले किंवा बाहेर काढले गेले तरच तो येणार. खराब खेळतोय म्हणून बदलायला त्याला आणता येत नाही. पहिल्या दोघांपैकी एकाला डॉक्टरांनी परत सोडलं की तिसऱ्याने बाहेर जायचं. २०२४ मध्ये आणखी सैल केलं: हा माणूस प्रॅक्टिस स्क्वाडवरूनही आणता येतो, आणि इतरांना असलेली हंगामात तीन वेळांची मर्यादा त्याला लागू नाही. ह्या एका ओळीने बऱ्याच जणांची ५३ मधली जागा परत गेली असं माझं मत. आधी तिसऱ्यासाठी ५३ मधली एक जागा अडवावी लागायची, आता लागत नाही.

क्वार्टरबॅकच नसेल तर काय होतं ह्याचा नमुना डेन्व्हरनेच दाखवला आहे. २९ नोव्हेंबर २०२०, कोविडच्या नियमांमुळे सगळे क्वार्टरबॅक बाहेर. प्रॅक्टिस स्क्वाडवरचा रिसीव्हर केंडल हिंटन खेळला. वेक फॉरेस्टला तो पूर्वी क्वार्टरबॅक होता, म्हणून निदान तो तरी. ९ पैकी १ पास पूर्ण, १३ यार्ड, २ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास). सेंट्स ३१–३ ने जिंकले. शाळा-कॉलेजात फेकलेला हात आणि ह्या पातळीवर खेळणारा हात ह्यातलं अंतर ह्या आकड्यांत दिसतं.

हिशेबनीस

पैशांचं मी सांगतो. सगळे आकडे डॉलरमध्ये.

तळापासून. २०२५ मध्ये प्रॅक्टिस स्क्वाडवरच्या नव्या खेळाडूला आठवड्याला १३,०००. हंगामाचे १८ आठवडे पुरा टिकला तर २,३४,०००. ५३ मध्ये आला तर नवख्याचा किमान पगार ८,४०,०००. सात किंवा जास्त वर्षं झालेल्याचा किमान १२,५५,०००.

इथे एक बारकावा आहे. अनुभवी माणूस महाग म्हणून संघांनी त्याला टाळू नये ह्यासाठी करारात सोय केलेली आहे: चार किंवा जास्त वर्षांचा अनुभव असलेला खेळाडू एका वर्षासाठी किमान पगारावर घेतला तर सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) तो दोन वर्षांच्या खेळाडूएवढाच धरला जातो. म्हणजे हातात १२,५५,०००, कॅपवर १०,३०,०००. तिशी ओलांडलेले कितीतरी बॅकअप ह्या सोयीवर तगून आहेत.

ज्यांची नावं तुम्हाला माहीत आहेत ते ह्याच्या वरच्या थरात. तिथे 'पक्के इतके, खेळलास तर इतके' अशी मांडणी असते. अँडी डाल्टनने २०२० मध्ये डॅलसशी केलेला करार: ३० लाख हमीचे, सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तर ७० लाखांपर्यंत. ११ ऑक्टोबरला डॅक प्रेस्कॉटचा घोटा मोडला आणि त्या अटींना एकदम अर्थ आला.

आता वेळेचा हिशेब, हा तरुण बॅकअपसाठी पगाराहून महत्त्वाचा. मोकळेपणी संघ निवडायला चार 'अक्रूड' हंगाम लागतात, आणि एक हंगाम मोजला जायला सहा सामने पूर्ण यादीवर असावं लागतं. प्रॅक्टिस स्क्वाडचे आठवडे त्यात धरत नाहीत. पेन्शनसाठी तीन 'क्रेडिटेड' हंगाम लागतात, तिथे हंगामाला तीनच सामने पुरतात. ही दोन मोजमापं वेगळी आहेत, त्यांची गल्लत बऱ्याच बातम्यांत दिसते. तिसऱ्या हंगामात कुणाला तिसऱ्या सामन्याआधी सोडलं गेलं तर त्या एका आठवड्याने पेन्शन पुढे ढकललं जातं.

सप्टेंबरमधली एक चालही समजून घ्या. चार वर्षं झालेला खेळाडू पहिल्या सामन्याला ५३ मध्ये असला की त्या वर्षाचा मूळ पगार व्यवहारात पक्का होतो. म्हणून संघ त्याला ऑगस्टअखेर सोडतात आणि पहिला सामना झाल्यावर परत घेतात. अनुभवी माणसाला हंगामाच्या त्या भागात वेव्हरमधून (सोडलेल्या खेळाडूवर इतर संघांनी हक्क सांगायची यादी) जावं लागत नाही, त्यामुळे दुसरा संघ त्याला परस्पर उचलू शकत नाही, त्याच्या मर्जीशिवाय तरी नाही. बातमीत 'संघाने बॅकअपला काढलं' दिसतं, आणि प्रत्यक्षात दोघांचं आधीच बोलणं झालेलं असतं.

सुहास_पुणे

मग दोन-तीन सामने चांगले खेळून मोठा करार मिळवायचा, हाच मार्ग सरळ नाही का?

हिशेबनीस

@सुहास_पुणे, मिळतो, पण तो टिकेलच असं नाही.

मॅट फ्लिन: १ जानेवारी २०१२ ला लायन्सविरुद्ध ४८० यार्ड, ६ टचडाऊन (गोललाइनपलीकडे चेंडू नेऊन मिळवलेले गुण). सीॲटलने तीन वर्षांचा सुमारे १.९५ कोटींचा करार दिला, त्यात साधारण एक कोटी हमीचे. त्याच उन्हाळ्यात सीॲटलने तिसऱ्या फेरीत रसेल विल्सनला घेतलं आणि फ्लिन तिथे स्टार्टर झालाच नाही.

मॅट कॅसल: कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून एकही सामना सुरुवातीपासून न खेळलेला. २००८ च्या पहिल्याच सामन्यात टॉम ब्रेडीचा गुडघा गेला, कॅसलने पेट्रियट्सना ११–५ पर्यंत नेलं. कॅन्सस सिटीने सहा वर्षांचे ६.३ कोटी दिले. पेट्रियट्सचं आक्रमण आदल्या वर्षी १६–० झालेलं होतं, ते त्याच्याबरोबर कॅन्सस सिटीला गेलं नाही.

निक फोल्स: जॅक्सनव्हिल, २०१९, चार वर्षांचे ८.८ कोटी. पहिल्याच सामन्यात हासळीचं हाड मोडलं, त्या हंगामात तो सुरुवातीपासून खेळला ते चारही सामने संघ हरला, पुढच्या मार्चमध्ये शिकागोला रवाना.

उलट टेडी ब्रिजवॉटर. २०१९ ला सेंट्सकडे ७२.५ लाखांवर बॅकअप. ड्रू ब्रीजचा अंगठा दुखावला, ब्रिजवॉटर ५–०. पुढच्या वर्षी कॅरोलिनाने तीन वर्षांचे ६.३ कोटी दिले, तिथे एकच हंगाम. म्हणून एजंट हमीच्या रकमेवर भांडतात, एकूण आकड्यावर नाही.

मृण्मयी

हिशेबनीस यांना जोडून एक. बाजारभाव ज्यावर ठरतो ते पहिले दोन-तीन सामने फसवे का असतात, ते जॉश डॉब्जच्या २०२३ मध्ये नीट दिसतं.

ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडने ॲरिझोनाला दिलं. ३१ ऑक्टोबरला ॲरिझोनाने मिनेसोटाला. मिनेसोटाचा तेव्हाचा स्टार्टर कझिन्स, त्याची टाच दोनच दिवसांपूर्वी गेली होती. ५ नोव्हेंबरला अटलांटात नवखा जॅरन हॉल सुरुवातीला होता, पहिल्याच क्वार्टरमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. डॉब्जने तोवर मिनेसोटाच्या पहिल्या फळीबरोबर एकही स्नॅप घेतलेला नव्हता.

मग त्यांनी काय केलं? बाजूरेषेवर लाइनमन गोळा झाले आणि डॉब्जने त्यांना आपली हाक ऐकवली, म्हणजे वर जी दुसरी अडचण लिहिली ती तिथल्या तिथे सोडवली. प्रशिक्षक केविन ओकॉनेल प्ले सांगून थांबला नाही. रेडिओ बंद होईपर्यंत तो कोण कुठे पळणार, आधी कुणाकडे बघायचं, हे साध्या शब्दांत सांगत राहिला. आणि जिथे वाचन फसलं तिथे डॉब्ज पळाला, एका चौथ्या डाऊनलासुद्धा. शेवटच्या २२ सेकंदांना ब्रँडन पॉवेलला टचडाऊन, ३१–२८. डॉब्ज हा विमान-अवकाश अभियांत्रिकीचा पदवीधर, पाठांतर त्याला जड नव्हतं, हे खरं. पण ओकॉनेल स्वतः पेट्रियट्सचा बॅकअप होता, काय सांगितलं तर मदत होते हे त्याला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात सेंट्सवर विजय. मग २७ नोव्हेंबरला बेअर्सविरुद्ध चार इंटरसेप्शन, आणि १० डिसेंबरला रेडर्सविरुद्ध सामन्यातच त्याला बसवून निक मलन्सला आणलं. तीन-चार सामन्यांची फिल्म जमली की बचाव त्याची पळण्याची वाट बंद करतो आणि खिशात उभं राहून फेकायला लावतो. बॅकअपची खरी परीक्षा चौथ्या सामन्यापासून सुरू होते.

बखरकार

इतिहासात चौथ्या सामन्यानंतरही टिकलेला माणूस म्हणजे अर्ल मॉरल. १९७२ चे डॉल्फिन्स सगळ्यांना माहीत, १७–०. पाचव्या सामन्यात स्टार्टर बॉब ग्रीसीचा पाय मोडला. ३८ वर्षांच्या मॉरलला प्रशिक्षक डॉन शुलाने त्याच वर्षी वेव्हरवरून १०० डॉलरला घेतलं होतं. नियमित हंगामाचे उरलेले नऊ सामने मॉरलने सुरू केले आणि नऊही जिंकले, शिवाय प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) ब्राउन्सविरुद्धचा. स्टीलर्सविरुद्ध दुसऱ्या अर्ध्यात ग्रीसी परत आला आणि सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) तोच खेळला. शुलाने मॉरलला निवडण्याचं कारण सरळ होतं: बाल्टिमोरमध्ये त्याच्याच हाताखाली १९६८ मध्ये मॉरल जॉनी युनायटसच्या जागी खेळून लीगचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला होता. शुलाची भाषा त्याला येत होती.

दुसरी साखळी त्याहून सुंदर. ३ जानेवारी १९९३, बफेलो ३५–३ ने मागे, स्टार्टर जिम केली जखमी, मैदानात फ्रँक राइक. जादा वेळेत बफेलो ४१–३८ ने जिंकलं. हाच राइक २०१७ मध्ये ईगल्सचा आक्रमणाचा कोऑर्डिनेटर. मुख्य प्रशिक्षक डग पीडरसन, ग्रीन बेमध्ये ब्रेट फाव्हरचा बॅकअप राहिलेला. आणि १० डिसेंबरला कार्सन वेंट्झचा गुडघा गेल्यावर त्यांच्या हाती आला फोल्स.

फोल्सची गाडी सुरुवातीपासून सुरळीत चालली नाही, हे लोक विसरतात. नाताळच्या दिवशी रेडर्सविरुद्ध कसंबसं जिंकले, पुढच्या आठवड्यात डॅलसकडून ६–० ने हरले. पहिल्या फेरीची सुट्टी मिळाली होती, तेव्हा प्रशिक्षकांनी फोल्सची २०१३ ची फिल्म काढली, २७ टचडाऊन आणि फक्त २ इंटरसेप्शनवाली. त्यात त्याला जे जमत होतं, धाव की पास हे स्नॅपनंतर एका बचावपटूकडे बघून ठरवण्याचे प्ले, ते गेमप्लॅनमध्ये वाढवले. वेंट्झसाठी बांधलेलं आक्रमण फोल्सवर लादलं नाही. ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये ३७३ यार्ड, ३ टचडाऊन पास, आणि अर्ध्या वेळेआधी एक यार्डावरून चौथ्या डाऊनला स्वतः पकडलेला टचडाऊन. ४१–३३. त्या कक्षात निर्णय घेणारे दोघे बाकावरून आलेले नसते तर हे इतक्या लवकर उमगलं असतं असं मला वाटत नाही.

रेषेबाहेर

बखरकार, मनापासून धन्यवाद. ह्यातून निवडीचा प्रश्न येतो. बॅकअप घ्यायचा तो स्टार्टरसारखा, की वेगळा पण अनुभवी?

रेव्हन्सनी पहिला मार्ग घेतला. लमार जॅक्सनच्या मागे आधी रॉबर्ट ग्रिफिन, मग टायलर हंटली. दोघेही पळणारे, त्यामुळे धावण्याचा आराखडा तसाच ठेवता येतो. क्लीव्हलँडने २०२३ मध्ये उलट केलं. नोव्हेंबरमध्ये ३८ वर्षांचा जो फ्लॅको घरून बोलावला, प्रॅक्टिस स्क्वाडवर. पळणं शून्य, पण लांब फेक शाबूत. प्रशिक्षक केविन स्टेफान्स्कीने त्याला खोल जाणारे प्ले-ॲक्शन पास (धावण्याचं सोंग करून फेकायचे) दिले. पाच सामन्यांत ४–१, सलग चारदा ३०० यार्डांच्या वर. प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने ४५–१४ ने झोडलं, त्यात दोन इंटरसेप्शन थेट टचडाऊनसाठी परत आली. तीच धोका पत्करणारी फेक, दोन्ही बाजूंनी.

माझं मत पहिल्या मार्गाकडे झुकतं. आठवड्याभराचा सराव स्टार्टरलाच मिळणार असेल तर लाइन आणि रिसीव्हर जे शिकले तेच वापरता आलं पाहिजे.

चौथा डाऊन

माझा थोडा मतभेद. स्टार्टरसारखा पण कमी दर्जाचा माणूस घेतलात की प्रत्येक प्ले जरा कमी दर्जाचा होतो. हंटलीने २०२२ मध्ये चार सामने सुरू केले, हंगामात टचडाऊन पास दोन. महिनाभर चालवून घ्यायला ठीक.

पण सगळ्यात वाईट म्हणजे काहीच न ठरवणं. २०११ चे कोल्ट्स: मॅनिंगच्या मानेचं दुखणं उन्हाळाभर माहीत होतं, आणि केरी कॉलिन्सला निवृत्तीतून आणलं ऑगस्टच्या शेवटी. मग कर्टिस पेंटर, मग डॅन ओर्लोव्स्की. पहिले १३ सामने हरले, शेवटी २–१४. २०२३ चे जेट्स: ॲरन रॉजर्स चौथ्या स्नॅपला गेला, मागे झॅक विल्सन, आणि ५३ मध्ये त्याच्यापलीकडे अनुभवी कुणी नाही. एप्रिलमध्ये मिळणारा माणूस ऑक्टोबरमध्ये मिळत नाही. मिळाला तरी त्याला प्लेबुक येत नाही.

एक सुटलेलं काम लिहून ठेवतो: सामन्यात बॅकअप नुसता उभा नसतो. कानात प्ले-कॉल ऐकत असतो, प्रत्येक स्नॅपला दोन सेफ्टी कुठून कुठे फिरले ते टिपतो, आणि ड्राइव्ह संपली की टॅब्लेटवरच्या स्थिरचित्रांवर स्टार्टरला तेवढंच दाखवतो. पाच गोष्टी दिसल्या तरी दोनच सांगायच्या, कारण स्टार्टरला पुढच्या ड्राइव्हला त्याहून जास्त वापरता येत नाहीत. पूर्वी फील्ड गोलसाठी (चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळवायचे गुण) चेंडू धरणं हेही बॅकअपचं काम असे, आता ते बहुतेक पंटरकडे (चेंडू लांब लाथाडून देणारा) गेलं, कारण पंटर आणि किकर सरावभर एकत्रच असतात. टोनी रोमो २००६ मध्ये बॅकअपचा स्टार्टर झाला, पण धरण्याचं काम त्याच्याकडेच राहिलं, आणि ६ जानेवारी २००७ ला सीॲटलमध्ये चेंडू हातातून निसटला. सीॲटल २१–२० ने जिंकलं.

सुहास_पुणे

शेवटचा प्रश्न. ड्राफ्ट न झालेला पोरगा ह्या रांगेत शिरतो कसा? आणि ऑगस्टमध्ये बघणाऱ्याने काय बघायचं?

हिशेबनीस

ड्राफ्ट संपल्यावर काही तासांत फोन येतात. शिबिरात ९० जण, त्यात क्वार्टरबॅक साधारण चार. चौथ्याला घेतात ते मुख्यतः बाकीच्यांच्या हातावरचा भार कमी करायला, रिसीव्हरांचे शेकडो रूट कुणीतरी फेकावे लागतात. २०२१ पासून सरावाचे सामने तीनच, आणि चौथ्याला मिळतो तो शेवटच्या सामन्याचा शेवटचा अर्धा भाग. तीच त्याची फिल्म, ती बाकीचे ३१ संघ बघतात. कूपर रश, केस कीनम, जेक ब्राउनिंग, तिघेही ड्राफ्टशिवाय आलेले. कीनमने २०१७ मध्ये मिनेसोटासाठी सुरू केलेल्या १४ सामन्यांपैकी ११ जिंकले.

यादी ५३ वर आली की तरुणांना वेव्हरमधून जावं लागतं. कुणी मागितलं नाही तर प्रॅक्टिस स्क्वाड. तिथून दुसरा संघ थेट त्याला उचलू शकतो, पण ५३ मध्येच घ्यावं लागतं आणि निदान तीन आठवड्यांचा पगार द्यावा लागतो.

मृण्मयी

@सुहास_पुणे, बघायचं तर यार्ड बघू नका, तिसऱ्या फळीविरुद्ध यार्ड कुणीही काढतो. प्ले क्लॉकवर किती उरले असताना तो लाइनवर पोचतो ते बघा. स्नॅपच्या आधी हात करून कुणाला हलवतो का, आणि ब्लिट्झ आला तेव्हा चेंडू त्या मोकळ्या झालेल्या जागेत गेला की बाहेर फेकला. सॅक घेतली (चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला) तर कितव्या यार्डावर घेतली, फील्ड गोलच्या टप्प्यात असताना आठ यार्ड मागे गेला का. त्याला ठेवायचं की नाही हे ठरवताना प्रशिक्षक ह्याच गोष्टींच्या खुणा करत असतात.